विश्लेषण : अर्धशिशीने बेजार मुलाला सलाईन का लावतात? या बाटलीमागचा २२ वर्षांचा डॉक्टर कोण होता?

मूल डोकं धरून बसलेलं असतं, उजेड आणि आवाज नको म्हणतं, पोटात घेतलेलं पाणीही उलटून पडतं. मुलांच्या मायग्रेनचं, म्हणजेच अर्धशिशीचं हे नेहमीचं चित्र. अशा मुलाला रुग्णालयात आणलं की पालकांची पहिली मागणी ठरलेली असते, ‘सलाईन लावा’. मिठाचं पाणी शिरेतून देण्याच्या या उपचारामागचा विचार जवळपास दोनशे वर्षं जुना आहे. तो शास्त्रीय पायावर मांडला विल्यम ब्रूक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. पुढे याच डॉक्टरने भांगेचं औषध पाश्चात्त्य वैद्यकात नेलं आणि भारतात तारयंत्राचं जाळं उभारलं. मुलांच्या मायग्रेनमध्ये सलाईनचा उपयोग नेमका किती, हे समजून घ्यायचं तर या माणसाचं आयुष्य पाहावं लागतं.

सलाईन म्हणजे नेमकं काय?

रुग्णालयात सर्वाधिक वापरलं जाणारं ‘नॉर्मल सलाईन’ म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. हे प्रमाण सहज ठरवलेलं नाही. द्रव रक्ताच्या तुलनेत फार कमी खारट असेल तर पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. फार जास्त खारट असेल तर पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून द्रव रक्ताशी जुळणारा असावा लागतो. सलाईनमध्ये वेदनाशामक नसतं आणि ताकद देणारं काही ‘टॉनिक’ही नसतं. शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार परत देणं, एवढंच त्याचं काम. ही साधी गोष्ट १८३१ साली कोणालाच साधी वाटत नव्हती.

विल्यम ओशॉनेसी कोण होते?

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ साली आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. १८२९ मध्ये त्यांनी एडिंबरा विद्यापीठातून एमडी पदवी घेतली. विषशास्त्रातील त्या काळचे मोठे नाव असलेल्या रॉबर्ट क्रिस्टिसन यांच्या हाताखाली ते रसायनशास्त्र शिकले. रक्त, लघवी, उलटी यांची रासायनिक तपासणी करून आजाराचा माग काढायचा, ही सवय त्यांना तिथेच लागली.

लंडनमध्ये आल्यावर मात्र त्यांची अडचण झाली. शहरात वैद्यकी करण्यासाठी स्थानिक परवाना लागत असे आणि तो त्यांना मिळाला नाही. मग त्यांनी रुग्ण तपासण्याऐवजी प्रयोगशाळेचा मार्ग धरला. न्यायालयीन प्रकरणांतील विषांचा शोध हे त्यांचं काम होतं. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत मिठायांचीही त्यांनी तपासणी केली. पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांसाठी त्यात शिसं, तांबं आणि पारा यांची संयुगं वापरली जात असल्याचं त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून दाखवून दिलं. तेव्हा त्यांचं वय होतं साधारण २१.

कॉलऱ्याच्या रुग्णांच्या रक्तात त्यांना काय आढळलं?

१८१७ पासून बंगालमधून पसरत गेलेला कॉलरा ऑक्टोबर १८३१ मध्ये इंग्लंडच्या सण्डरलंड बंदरात पोहोचला. काही तासांत धडधाकट माणूस सुकून निळा पडायचा आणि दगावायचा. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा माहीत नव्हता. डॉक्टरांच्या हाती तीन शस्त्रं होती. शीर कापून रक्त काढणं, कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध देणं आणि अफू देणं. आज मागे वळून पाहिलं तर पहिल्या दोन उपायांनी रुग्णाच्या शरीरातील द्रव आणखीच कमी होत होता.

ओशॉनेसी सण्डरलंडला गेले. रुग्णांच्या शिरेतून निघणारं रक्त काळसर आणि डांबरासारखं दाट होतं. त्यांनी ते तपासलं. रक्तातलं पाणी मोठ्या प्रमाणात कमी झालं होतं, मीठ घटलं होतं आणि रक्ताचा अल्कधर्मी गुण जवळपास नाहीसा झाला होता. मग त्यांनी रुग्णांच्या जुलाबाचं पाणी तपासलं. रक्तात जे कमी पडलं होतं, तेच तिथे सापडलं.

हिशेब जुळला होता. आत किती आहे, बाहेर किती गेलं आणि फरक किती, एवढं साधं गणित. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की गेलेलं पाणी आणि क्षार रुग्णाला परत द्यायला हवेत. पोटातून घेता येत नसेल, तर कोमट पाण्यात क्षार मिसळून ते थेट शिरेत सोडावं. असं केल्याने प्राणी दगावत नाही, याची खात्री त्यांनी आधी कुत्र्यावर प्रयोग करून घेतली होती. डिसेंबर १८३१ मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि १८३२ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. वय २२ वर्षं. रुग्णाला टोचण्याचं काम मात्र त्यांनी स्वतः केलं नाही.

पहिलं सलाईन कोणी लावलं?

ते धाडस केलं स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉक्टर थॉमस लॅटा यांनी. ओशॉनेसी यांचं लेखन वाचून त्यांनी मे १८३२ मध्ये कॉलऱ्याने शेवटच्या घटका मोजत असलेल्या एका वृद्ध महिलेच्या शिरेत मिठाचं आणि सोड्याचं पाणी सोडायला सुरुवात केली. सुरुवातीला काहीच फरक दिसला नाही. लॅटा देत राहिले. अर्ध्या तासात सुमारे सहा पिंट, म्हणजे तीन लिटरच्या आसपास द्रव गेला आणि खोल गेलेले डोळे, थंड पडलेलं अंग, न लागणारी नाडी हे सगळं पालटलं. ती बोलू लागली.

रुग्ण सावरली असं समजून लॅटा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली सोपवून निघाले. उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, सलाईन मात्र पुन्हा दिलं गेलं नाही. काही तासांतच तिचा मृत्यू झाला. एकदा भरपाई करून भागत नाही, गळती सुरू असेपर्यंत ती करत राहावी लागते, हा धडा लॅटा यांना तिथे मिळाला. पुढच्या रुग्णांना त्यांनी पुन्हापुन्हा द्रव दिला आणि काही जण वाचलेही. ‘लॅन्सेट’ने त्यांचं पत्र जून १८३२ मध्ये छापलं. पण त्यानंतर लॅटा फार जगले नाहीत. १८३३ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग ही पद्धत मागे का पडली?

याची कारणं अनेक होती. सलाईन बहुतेकदा मरणाच्या दारातल्या रुग्णांनाच दिलं गेलं, त्यामुळे वाचणाऱ्यांची संख्या कमी राहिली. निर्जंतुकीकरण ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे शिरेतून संसर्ग जायचा. सुरुवातीचे द्रव रक्ताच्या तुलनेत बरेच कमी खारट होते. शिरेत हवा जाण्याचा धोका होता. त्यात रक्त काढण्यावर भिस्त असलेल्या बड्या डॉक्टरांचा विरोध. साथ ओसरली, चर्चाही ओसरली. पुढची कित्येक दशकं सलाईन जवळपास विस्मरणात गेलं.

ओशॉनेसी यांनाही लंडनमध्ये पाय रोवता आले नाहीत. १८३३ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीत सहायक शल्यचिकित्सक म्हणून नोकरी धरली आणि ते बंगालमध्ये आले. कॉलरा ज्या भूमीतून निघाला, तिथेच.

कोलकात्यात त्यांनी काय केलं?

१८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झालं. ओशॉनेसी तिथे रसायनशास्त्र आणि औषधीद्रव्यशास्त्र शिकवू लागले. भारतीय विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारं हे आशियातील सुरुवातीच्या महाविद्यालयांपैकी एक. १८३६ मध्ये इथेच पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन करून रूढी मोडली होती. औषधी वनस्पतींची माहिती घेताना ओशॉनेसी यांनी गुप्त यांच्यासह स्थानिक पंडित, वैद्य, हकीम यांची मदत घेतली. विलायतेतून येणाऱ्या महागड्या औषधांऐवजी इथल्या बाजारात मिळणारी कोणती द्रव्यं चालतील, हा त्यांचा शोध होता. त्यातून १८४२ साली ‘बेंगॉल डिस्पेन्सेटरी’ आणि १८४४ साली ‘बेंगॉल फार्माकोपिया’ हे ग्रंथ तयार झाले.

याच शोधात ते भांग-गांजाकडे वळले. इथे या वनस्पतीचा वापर शतकानुशतकं होत होता, युरोपच्या वैद्यकाला मात्र तिची फारशी ओळख नव्हती. त्यांनी आधी ग्रंथ पाहिले, मग कुत्री, मांजरं, शेळ्या, मासे, गिधाडं अशा प्राण्यांवर प्रयोग केले. मांसाहारी प्राण्यांना नशा चढते, गवत खाणाऱ्यांवर परिणाम जवळपास दिसत नाही, अशी नोंद त्यांनी केली. त्यानंतरच माणसांना औषध दिलं.

संधिवाताच्या एका रुग्णाला राळेची छोटी मात्रा दिली, तर तो बडबडू लागला, गाऊ लागला, जास्त जेवण मागू लागला. रात्री तो बेशुद्धावस्थेत सापडला. त्याचे हात जसे उचलून ठेवावेत तसेच राहत होते. दुसऱ्या एका रुग्णावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. तो नेहमीचा गांजा ओढणारा निघाला. यानंतर ओशॉनेसी यांनी मात्रा कमी केली. धनुर्वात, पिसाळलेला कुत्रा चावल्याने होणारा रोग, कॉलरा अशा आजारांत त्यांनी हे औषध वापरून पाहिलं. पिसाळरोगाचा रुग्ण वाचला नाही, पण त्याचे शेवटचे हाल कमी झाले, ही नोंदही त्यांनी लपवली नाही. अवघ्या ४० दिवसांच्या एका मुलीचे झटके या अर्काच्या थेंबांनी थांबल्याचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. १८३९ मध्ये त्यांनी हे सर्व निष्कर्ष कोलकात्यातील वैद्यकीय संस्थेपुढे मांडले.

मायग्रेनशी त्यांचा संबंध कसा आला?

१८४१ मध्ये ओशॉनेसी इंग्लंडला गेले. सोबत भांगेची झाडं आणि राळ होती. लंडनमधील औषधनिर्माते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क तयार केला आणि तो औषधांच्या दुकानांत पोहोचला. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

पुढची ५०-६० वर्षं हा अर्क ज्या आजारांत सर्वाधिक वापरला गेला, त्यात मायग्रेन वरच्या क्रमांकावर होता. आधुनिक वैद्यकाच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जाणारे विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मधील आपल्या पाठ्यपुस्तकात मायग्रेनसाठी बहुधा हेच सर्वात समाधानकारक औषध असल्याचं मत दिलं होतं. अर्काची ताकद प्रत्येक बाटलीत वेगळी असे, त्यामुळे नेमकी मात्रा ठरवणं कठीण होतं. अॅस्पिरिनसारखी औषधं आली आणि हा अर्क मागे पडला. आज मुलांच्या मायग्रेनच्या प्रचलित उपचारांत त्याला स्थान नाही.

म्हणजे आज मायग्रेनच्या मुलाला लागणारं सलाईन आणि एकेकाळी मायग्रेनवर दिला जाणारा अर्क, या दोन्ही वाटा एकाच माणसापाशी येऊन मिळतात.

डॉक्टर तारखात्याचा प्रमुख कसा झाला?

कोलकात्यात शिकवत असतानाच ओशॉनेसी यांना विजेचा नाद लागला होता. १८३९ मध्ये त्यांनी शहराजवळ मैलोगणती तार टाकून संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. हुगळी नदीच्या पाण्याखालूनही संदेश पाठवला. सरकारने तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चित्र बदललं. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारवाहिनी सुरू झाली.

युरोपातली पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. माकडं आणि पक्षी तारेवर बसत, वादळात बारीक तार तुटे, उष्णता आणि पावसाने आवरण खराब होई. ओशॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली आणि खांबांसाठी बांबू घेतले. शिवचंद्र नंदी या बंगाली सहकाऱ्याला त्यांनी स्वतः तयार केलं. पुढे अनेक तारमार्गांच्या उभारणीत नंदी यांचा मोठा वाटा राहिला.

मार्च १८५४ मध्ये कोलकाता-आग्रा मार्गावरून पहिला संदेश गेला. तिथून तारा मुंबईपर्यंत आणि मुंबईहून मद्रासपर्यंत पोहोचल्या. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. मुंबईच्या व्यापाऱ्याला कोलकात्याचे भाव कळण्यासाठी आता टपालाची वाट पाहावी लागणार नव्हती. १८५६ पर्यंत जाळं सुमारे चार हजार मैलांवर गेलं. त्याच वर्षी ओशॉनेसी यांना ‘सर’ किताब मिळाला. १८५७ च्या उठावात हीच तार इंग्रजांच्या कामी आली. ज्या यंत्रणेचं आज कौतुक होतं, ती परकी सत्ता टिकवण्याचं साधनही होती, हे विसरता येत नाही. भारतातील तारसेवा अखेर जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

१८६० च्या सुमारास ओशॉनेसी इंग्लंडला परतले. १८६१ मध्ये त्यांनी नाव बदलून विल्यम ओशॉनेसी ब्रूक असं केलं. त्यानंतरचं त्यांचं आयुष्य प्रसिद्धीपासून दूर गेलं. जानेवारी १८८९ मध्ये साउथसी येथे त्यांचं निधन झालं. सलाईन घरोघरी माहीत झालेलं पाहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

सलाईन पुन्हा वापरात कसं आलं?

१८८० च्या दशकात सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून मिठासोबत कॅल्शियम आणि पोटॅशियमही लागतं, हे दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून सलाईन देऊन कॉलऱ्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. रॉजर्स शिकवत होते ते कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्येच. १९३० च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी जुलाबाने आजारी मुलांसाठी रिंगर यांच्या द्रवात लॅक्टेट मिसळलं. आज आपल्याकडे ‘आरएल’ म्हणून ओळखली जाणारी बाटली ती हीच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन मृत्युदर जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणला. पिणं शक्य असेल तर सुई लागत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

मग मुलांच्या मायग्रेनवर सलाईन उपयोगी आहे का?

उत्तर ओशॉनेसी यांच्या हिशेबातच आहे. शरीरातून किती गेलं, हा पहिला प्रश्न. वारंवार उलट्या, तासन् तास लघवी न होणं, कोरडी जीभ, तोंडावाटे काहीच न टिकणं अशी स्थिती असेल, तर सलाईन गरजेचं ठरतं. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. साधारणपणे एका किलोमागे १० ते २० मिलिलिटर. म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ४०० मिलिलिटर. शीर उघडी असल्याने उलटी थांबवणारं आणि वेदनाशामक औषधही त्यातूनच देता येतं. काही वेदनाशामकांचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणूनही शरीरात पुरेसं पाणी असावं लागतं.

पण शरीरात पाणी पुरेसं असताना केवळ सलाईनने मायग्रेनची वेदना कमी होते, असं आतापर्यंतच्या मोजक्या चाचण्यांतून दिसलेलं नाही. रुग्णालयातली शांत, अंधारी खोली, झोप आणि सोबत दिलेली औषधं यांचं श्रेय अनेकदा बाटलीला मिळतं. मुलांमध्ये धोकाही आहे. रक्तापेक्षा कमी खारट द्रव जास्त दिला तर रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येऊ शकते. त्यामुळे सलाईन कोणतं आणि किती, हे बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं.

घरच्या घरी पहिला उपाय म्हणजे दुखणं सुरू होताच डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, घोट-घोट पाणी किंवा ओआरएस आणि अंधाऱ्या खोलीत विश्रांती. वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि शाळेत पाण्याची बाटली संपवण्याची सवय यांनी झटके कमी होण्यास मदत होते. मात्र डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडणं, फिट येणं, हातापायातली ताकद जाणं, नजर अंधुक होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं किंवा रोज सकाळी उठताच उलटीसह डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसलं तर ते मायग्रेन समजून घरी थांबू नये. अशा वेळी मुलाला तातडीने डॉक्टरकडे न्यावं.